बीपी तीन महिने 150च्या वर, गोळी मात्र तीच. डॉक्टरांना कसं सांगू?

उपकेंद्र_सातारा: नमस्कार. मी सातारा जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. आमच्या एक आजी न चुकता येतात. मार्चमध्ये बीपी 158/96, एप्रिलमध्ये 156/94, मेमध्ये 160/92. कार्डावर तिन्ही वेळा तेच: ॲम्लोडिपिन 5, रोज एक, तीस गोळ्या. आजी गोळी चुकवत नाहीत, रिकामी पाकिटं पिशवीतून काढून दाखवतात. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर उपचाराचा तक्ता आहे. नियमित गोळी घेऊनही 140/90च्या खाली आलं नाही, तर पुढची पायरी. ती चढतच नाही. गोळी वाढवायचा अधिकार माझा नाही. डॉक्टर चांगले आहेत, पण मी बोलले तर आगाऊपणा वाटेल का? आजींचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेत, म्हणून राहवत नाही.

एमओ_विदर्भ: ताई, बिनधास्त बोला. मीही डॉक्टर आहे, आणि गोळी न वाढवण्याची ही चूक मी स्वतः केली आहे. बाजाराच्या दिवशी ओपीडी शंभराच्या पुढे जाते. 156 दिसलं की वाटतं, उन्हातून चालत आल्यात, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात मागचा आकडा कुठे आठवतो? आता आमच्या सिस्टर आजच्या आकड्यावर मागचे दोन लाल पेनाने लिहितात. तीन आकडे एकाखाली एक दिसले की तीच गोळी लिहायला हात धजत नाही.

सिस्टर_पंधरा_वर्षं: आधी मोजणी पक्की करा. पाच मिनिटं बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधायचा नाही. जास्त आलं तर मिनिटभराने पुन्हा, आणि दोन्ही आकडे लिहा. आमच्या रजिस्टरात पूर्वी पानभर 130/80 नाहीतर 140/90 असायचं, शेवटी शून्याशिवाय आकडाच नाही. त्यावर डॉक्टरांनी भरवसा कसा ठेवावा?

औषध_खिडकी: साठाही बघा ताई. आमच्याकडे टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीचीच दुसरी गोळी, दोन महिने संपली होती, डॉक्टरांनी लिहिणंच सोडलं. माल आला तरी लिहीनात, कारण त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. तेव्हापासून शिल्लक गोळ्या मी दर सोमवारी ओपीडीच्या फळ्यावर लिहितो.

उपकेंद्र_सातारा: सगळ्यांचे आभार. आज आजींना बसवून दोनदा घेतलं: 158/94, 154/92. लाल पेनाने मागचे आकडे लिहिले आणि कार्ड घेऊन स्वतः आजींबरोबर गेले. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळ्या रोज घेतात ना?" आजींनी पिशवी टेबलावर उपडी केली. टेल्मिसार्टन 40 सुरू झाली. पुढच्या महिन्याचा आकडा इथेच लिहीन.