लॅपटॉप लिनक्सवर, काका विंडोजवर: डिस्क एन्क्रिप्ट करायला काय टाकू?

रावपुरा_टॉवर: नमस्कार मंडळी. दांडिया बाजारात काकांचं आयकर-जीएसटीचं ऑफिस आहे, मी त्यांच्या हाताखाली. परवा एक्स्टर्नल डिस्क रिक्षात राहिली. रिक्षावाले भाई भले, सकाळी आणून दिली. पण रात्रभर दीडशे अशिलांचे पॅन-आधार डोळ्यांपुढे नाचत होते. माझ्याकडे लिनक्स मिंट, काकांकडे विंडोज. डिस्क एन्क्रिप्ट करायचीय, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येऊ नये, पण ती दोन्हीकडे उघडायला हवी. लुक्स, व्हेराक्रिप्ट, जीपीजी... डोकं गरगरलं.

सूरसागर: ही दोन वेगळी कामं आहेत. लॅपटॉपला लुक्स, म्हणजे लिनक्सचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन. मिंट नव्याने टाकताना डिस्क पुसायच्या पानावर अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्समध्ये एलव्हीएमसोबत (डिस्कचे भाग सांभाळणारी सोय) एन्क्रिप्शनचा पर्याय मिळतो. चालू सिस्टिम जागच्या जागी एन्क्रिप्ट करता येते, पण बॅकअपशिवाय त्यात हात घालू नये, आणि बॅकअप घ्यायचाच तर नवं इन्स्टॉल सोपं.

एक्स्टर्नल डिस्कला व्हेराक्रिप्ट, हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे चालतं, कारण लुक्स विंडोज आपणहून वाचत नाही. मात्र अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करू नका! जोडली की विंडोज 'फॉरमॅट करू का?' विचारतं, आणि काका 'हो' म्हणणार. त्यापेक्षा डिस्क एक्सफॅटमध्ये (दोन्हीकडे वाचता येणारा फॉरमॅट) ठेवून तिच्यावर मोठी कंटेनर फाइल, म्हणजे पासवर्डने उघडणारी एन्क्रिप्टेड पेटी, करा, आतही एक्सफॅटच. साध्या फॅटवर 4 जीबीची फाइलसुद्धा मावत नाही. मिंटवर टाकायची डेब (इन्स्टॉलर) फाइल व्हेराक्रिप्टच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि जीपीजी या साधनाने तिची डिजिटल सही तपासा, म्हणजे फाइल खरी आहे हे कळेल. जीपीजीचं तुमच्याकडे काम तेवढंच.

जुना_बडोदेकर: एवढा खटाटोप कशाला? फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये 6.0 पासून, म्हणजे 2005 पासून, 'गेली' (GELI) हे डिस्क एन्क्रिप्शन मूळ सिस्टिममध्येच आहे. 'गेली इनिट', 'गेली अटॅच', 'न्यूएफएस' अशा तीन आज्ञा, झालं. मेटाडेटाची (डिस्क उघडायला लागणाऱ्या माहितीची) प्रतसुद्धा ते स्वतःच /var/backups फोल्डरमध्ये ठेवतं.

सूरसागर: दादा, ती डिस्क काकांच्या विंडोजवर कोण उघडणार? तुम्ही?

जुना_बडोदेकर: बरं, हरलो. पण हेडरचं ऐक. लुक्सच्या डिस्कच्या सुरुवातीला किल्ल्यांची माहिती ठेवणारा हेडर असतो, लुक्स 2 मध्ये साधारण 16 एमबीचा. तो बिघडला की पासवर्ड बरोबर असून उपयोग शून्य. क्रिप्टसेटअप या लुक्सच्या साधनातल्या लुक्सहेडरबॅकअप आज्ञेने त्याची प्रत काढ आणि दुसऱ्या डिस्कवर ठेव. पासवर्ड बदललास तर जुनी प्रत नष्ट कर, तिच्यात जुनाच पासवर्ड चालतो.

आणि हौसेने मराठीत पासवर्ड ठेवू नकोस. बूट होताना कीबोर्ड बहुधा इंग्रजीच असतो. मी आईच्या माहेरचं आडनाव देवनागरीत ठेवलं होतं. शेवटी पेनड्राइव्हवरून लाइव्ह मिंट चालू करून आत शिरलो.

मांडवीची_माई: आमचे साहेब पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतात, म्हणून सांगते. लॅपटॉपमध्ये काकांसाठी क्रिप्टसेटअपच्या लुक्सॲडकी आज्ञेने वेगळा पासवर्ड घाला आणि लिहून बंद पाकिटात लॉकरला ठेवा. बाहेर पडताना लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटलं तर किल्ली मेमरीत राहते.

रावपुरा_टॉवर: कंटेनर झाला, काकांनी चहा होईतो उघडूनही पाहिला. आता डिस्कवरच्या जुन्या उघड्या फाइली डिलीट केल्या की झालं ना?

जुना_बडोदेकर: नाही रे बाबा! डिलीटने फक्त नाव जातं, मजकूर तिथेच असतो. कंटेनर दुसरीकडे कॉपी कर, तिथून उघडतो का बघ, मग डीडी या आज्ञेने अख्ख्या डिस्कवर शून्यं लिही आणि नव्याने एक्सफॅट कर. एंटर दाबण्याआधी एलएसबीएलकेमध्ये (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा) डिस्कचं नाव दोनदा वाच. मी एकदाच वाचलं होतं.