पक्कं मत आणि भिंतीवरची रेघ

‘पुस्तकातून घेतलेली मतं बदलतात, अनुभवातून आलेली पक्की असतात,’ असं एक म्हणणं वाचलं, ते मला अर्धंच पटलं. पक्की असतात, मान्य. पण बरोबरच असतात, हे कुणी सांगितलं?

आम्ही सांगलीकर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांना गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे इथं पोराटोरांनाही पाठ. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या वर गेलं आणि आमच्या गल्लीची सगळी श्रद्धा त्या खुणेवर बसली. भिंतीवर ऑइलपेंटची रेघ, बाजूला साल. 2019 च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या काकांनी गव्हाची पोती, शिलाई मशीन, मुलीच्या लग्नाचा बस्ता, सगळं त्या रेघेच्या हातभर वर फळीवर चढवलं आणि निवांत चहा घेतला. ‘कृष्णामाई याच्यावर येत नाही, डोळ्यांनी बघितलंय मी.’ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. बस्त्याचा रंग उतरून गव्हात मुरला होता. (2005 न पाहिलेले भाडेकरू मात्र आधीच मिरजेला पाहुण्यांकडे पोचले होते!)

आता काकांच्या भिंतीवर नवी रेघ आहे. 2021 ला पाणी तिच्या खालीच थांबल्यामुळे ती आणखी पक्की झाली.

माझं म्हणाल तर, पावसाळ्यात पेपर उघडायच्या आधी कोयना धरणातून किती पाणी सोडलंय ते बघतो. हाही त्याच पुराने लावलेला हट्ट, तेव्हा कुणी मुद्देसूद खोडून काढला तर ऐकून घेईन.