डी ७५० नंतर काय: झेड ५ टू की झेड ६ थ्री? (रंगमंचाच्या फोटोंसाठी)

तिसरी_घंटा

माझ्याकडे निकॉन डी ७५० आहे. २०१४ चं मॉडेल, अजून ठणठणीत. मी मुख्यतः रंगमंचाचे फोटो काढते: नृत्य, नाटकाच्या तालमी, अधूनमधून गाण्याच्या मैफली. आता मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घ्यायचं पक्कं केलंय, त्याला कारणं दोन.

पहिलं कारण आरशाचा खटका. संथ, शांत प्रसंगात तो पुढच्या रांगांना स्पष्ट ऐकू जातो आणि आयोजक तसं सांगतातही. दुसरं कारण फोकस. डी ७५० चे ५१ पॉइंट सगळे फ्रेमच्या मधोमध गोळा झालेले आहेत. नर्तिका कडेला गेली की आधी मध्यावर फोकस करायचा, मग फ्रेम हलवायची, आणि तोवर मुद्रा मोडलेली असते.

निवड दोन कॅमेऱ्यांवर आली आहे: झेड ५ टू (२०२५) आणि झेड ६ थ्री (२०२४). दोन्ही २४.५ मेगापिक्सेल, दोन्हींत एक्स्पीड ७ प्रोसेसर, दोन्हींत २७३ फोकस पॉइंट जवळपास पूर्ण फ्रेमभर पसरलेले, डोळा ओळखणारा फोकसही दोन्हींत. सध्याच्या लेन्स: २४-१२० एफ/४ व्हीआर, ८५ एफ/१.८ डी आणि ८०-२०० एफ/२.८ डी.

माझा कल झेड ५ टू कडे आहे. वाचलेल्या पैशांत झेड ८५ एफ/१.८ एस घेता येईल. तुमचं मत उलट असेल तर जरूर लिहा, पण रंगमंच डोळ्यांपुढे ठेवून लिहा. व्हिडिओ मला लागत नाही.

लेन्सवेडा

तुमचा कल बरोबर आहे, झेड ५ टू च घ्या.

रंगमंचावर तुम्ही बहुतेक वेळ आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० मध्ये असणार. तिथे या दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंत फरक दाखवा म्हटलं तर भलेभले अडखळतील. डी ७५० चा फोकस उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे प्रकाशाचं माप, आकडा जितका खाली तितका अंधार जास्त) चालतो, या दोघांचा उणे १० पर्यंत (अर्थात हे आकडे फार मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्सवर मोजलेले असतात). म्हणजे अंधारात मोठी उडी डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) सोडताना आहे, या दोघांच्या मध्ये नाही. शिवाय झेड ५ टू मध्ये दोन्ही खाचे एसडी कार्डाचे, म्हणजे तुमची आत्ताची कार्डं चालतील. झेड ६ थ्री मध्ये एक खाचा सीएफएक्स्प्रेस बी चा. तो वापरायचा तर ते कार्ड आणि त्याचा रीडर वेगळा घ्यावा लागेल.

एक गोष्ट मात्र तुमच्या पोस्टमध्ये राहून गेली आहे आणि ती बॉडीपेक्षा मोठी आहे. ८५ डी आणि ८०-२०० डी, या दोन्ही लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. डी ७५० त्यांना आपल्या मोटरने फिरवतो. जुन्या लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये तशी मोटर नाही. तेव्हा झेड ५ टू घ्या नाहीतर झेड ६ थ्री, या दोन लेन्स हाताने फोकस कराव्या लागतील. अ‍ॅपर्चर, मीटरिंग, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, सगळं चालेल, ऑटोफोकस तेवढा जाईल. २४-१२० ची स्वतःची मोटर आहे, ती व्यवस्थित चालेल.

म्हणजे तुमच्या दोन मुख्य रंगमंचाच्या लेन्स बाद झाल्यासारख्याच. पैसा तिकडे लागणार आहे. म्हणूनच बॉडी स्वस्तातली घ्या.

अंधारखोली

लेन्सवेडा यांचा डी लेन्सचा मुद्दा शंभर टक्के खरा. निष्कर्षाशी मात्र मी ठाम असहमत आहे. धागाकर्तीने बदलाचं पहिलं कारण 'आवाज' दिलं आहे आणि वरच्या प्रतिसादात सायलेंट शटरबद्दल एक ओळही नाही.

आवाज पूर्ण घालवायचा तर इलेक्ट्रॉनिक शटर (तेच सायलेंट शटर) हवं. त्यात पडदा हलत नाही, सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. झेड ५ टू च्या सेन्सरला पूर्ण फ्रेम वाचायला साधारण १/२० सेकंद लागतो. झेड ६ थ्री चा सेन्सर 'पार्शली स्टॅक्ड' आहे, त्याला साधारण १/७० सेकंद पुरतो. निकॉनचा स्वतःचा दावा झेड ६ टू च्या, म्हणजे आधीच्या मॉडेलच्या, साडेतीन पट वेगाचा आहे.

आता हे रंगमंचावर मांडून बघा. ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/२० सेकंद वाचन चाललं तर तेवढ्यात प्रकाशाची पाच आवर्तनं होतात, म्हणून फोटोत पाच आडवे पट्टे. १/७० मध्ये जेमतेम दीड. शिवाय रंगमंचाचे एलईडी मंद करतात ते बहुतेकदा झपाट्याने चालू-बंद करून, त्यांचे पट्टे आणखी बारीक आणि आणखी जास्त. अशा फोटोत कपाळ उजळ, डोळ्यांवर काळपट पट्टा, गाल पुन्हा उजळ, हनुवटी पुन्हा काळपट असं दिसतं. लाल आणि निळे दिवे वेगवेगळ्या लयीत लुकलुकत असतील तर पट्टे रंगीतही येतात. हे लाइटरूममध्ये पुसता येत नाही. एकदा चेहऱ्यावर पट्टा आला की तो फोटो गेला.

शटर १/१०० ठेवलं तर १०० हर्ट्झचे पट्टे जातात, हे खरं. पण नृत्यात १/१०० ला गिरकी धूसर होते. उडी गोठवायची तर १/५०० तरी लागतो, आणि तिथेच पट्टे सगळ्यांत वाईट दिसतात.

झेड ६ थ्री हे पूर्ण सोडवतो असं मी म्हणत नाही. पण जिथे झेड ५ टू चं सायलेंट शटर बंद ठेवावं लागेल, तिथे झेड ६ थ्री चं बरेचदा वापरता येतं. तुमच्या कामाला नेमका हाच फरक लागू पडतो.

लेन्सवेडा

गणित मान्य. पण झेड ५ टू वर सायलेंट शटर वापरलंच पाहिजे असं कुठे आहे? मेकॅनिकल शटर वापरा. आरसा नाही, त्यामुळे धाडकन होणारा आवाजच नाही. उरतो तो फक्त पडद्याचा हलका टिचका, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (पुढच्या पडद्याचं काम सेन्सरच करतो) लावलं की तोही अर्धा. ज्या आयोजकाला डी ७५० खटकत होता, त्याला हा बहुधा ऐकूही येणार नाही. मेकॅनिकल पडदा सगळी फ्रेम १/२०० सेकंदाच्या आसपास ओलांडतो, म्हणजे पट्ट्यांच्या बाबतीत तो झेड ६ थ्री च्या इलेक्ट्रॉनिक शटरपेक्षाही सरस.

आणि पार्शली स्टॅक्ड सेन्सरची किंमत पैशांशिवायही मोजावी लागते. आयएसओ १०० ला सावल्या उचलल्या की झेड ६ थ्री मध्ये नॉइज थोडा जास्त दिसतो. वरच्या आयएसओला तो फरक जवळपास उरत नाही, पण ज्याला रंगमंचाबाहेर निसर्गचित्रंही काढायची आहेत त्याने हे लक्षात घ्यावं.

पेंटाप्रिझम

दोघंही एकच गृहीत धरून चालला आहात की डीएसएलआर सोडायलाच हवा. डी ७८० बघितलात का? २०२० चा कॅमेरा, बॉडीत फोकसची मोटर आहे, म्हणजे ८५ डी आणि ८०-२०० डी आहेत तशा चालतील. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना) सेन्सरवरचे २७३ पॉइंट आहेत, म्हणजे मिररलेसचा फोकसही मिळतो. बॅटरी निकॉनच्या मोजणीने २२६० फोटो देते. या दोन मिररलेसचा आकडा साडेतीनशेच्या आसपास घुटमळतो. दोन अंकी नाटकात मध्यंतरापर्यंत बॅटरी टिकेल का, ही चिंता डीएसएलआरवाल्याला कधी करावी लागली नाही.

आणि काचेतून बघणं ते काचेतून बघणं. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमध्ये रंगमंच जसा आहे तसा, त्याच क्षणी दिसतो. पडद्यावर दिसणारी प्रतिमा कितीही चांगली असली तरी ती रंगमंच नव्हे.

अंधारखोली

@पेंटाप्रिझम, तुमचं डीएसएलआरवरचं प्रेम समजतं, पण धागाकर्तीच्या दोन्ही तक्रारी डी ७८० मध्ये तशाच राहतात. व्ह्यूफाइंडरमधून बघताना त्यातही ५१ च पॉइंट, तेही मधोमध. आरसाही आहेच. लाइव्ह व्ह्यूवर गेलं तर दोन्ही सुटतं, पण मग अंधाऱ्या प्रेक्षागृहात मागची स्क्रीन पेटवून, हात लांब करून उभं राहायचं. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ते खटक्याहून जास्त टोचेल.

बॅटरीचं म्हणाल तर मोजणीतले आकडे आणि प्रत्यक्ष वापर यांत बराच फरक असतो. बर्स्टमध्ये (सलग) काढलेले फोटो त्या आकड्याच्या कितीतरी पुढे जातात. तरी खिशात दुसरी बॅटरी हवीच, याबद्दल वाद नाही.

पाणथळ

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, नृत्याचे नाही. पण एका बाबतीत आमचं दुखणं सारखं आहे: पुढच्या क्षणी काय होणार ते सांगता येत नाही.

माझं मत झेड ६ थ्री ला, कारण व्ह्यूफाइंडर. झेड ५ टू चा ३६.९ लाख डॉट्सचा, झेड ६ थ्री चा ५७.६ लाख डॉट्सचा आणि सेकंदाला १२० वेळा ताजा होणारा. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात ही एक ओळ असते, म्हणून लोक पुढे सरकतात. पण सेन्सर तुम्ही घरी जाऊन बघता, व्ह्यूफाइंडर तुम्ही कार्यक्रमभर बघता. कॅमेरा झपकन फिरवला की संथ व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र किंचित मागून येतं आणि आपण चौकट अंदाजाने लावायला लागतो. डीएसएलआरवरून येणाऱ्याला हे सगळ्यांत आधी जाणवतं. पेंटाप्रिझम यांची तक्रार खरी आहे, फक्त तिचं उत्तर मागे जाणं नाही, चांगला ईव्हीएफ (इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर) घेणं आहे.

रंगमंचासाठी एक फायदा मात्र दोन्हींत आहे. चेहऱ्यावर स्पॉटलाइट आणि मागे काळा पडदा असला की डीएसएलआरचं मीटर काळ्याला भुलतं आणि चेहरा पांढराफटक करतं. ईव्हीएफमध्ये हे बटण दाबायच्या आधीच दिसतं.

रीळ

व्हिडिओ नको म्हणालात म्हणून ६के वगैरे सोडतो. पण लेन्स नव्याने घ्यायच्याच आहेत तर सोनी ए७ फोर का नाही? ३३ मेगापिक्सेल आणि ई माउंटवर टॅमरॉन, सिग्माच्या लेन्सची रेलचेल.

अंधारखोली

लेन्सची रेलचेल खरी. पण ए७ फोर चा सेन्सरही वाचायला संथच आहे, सायलेंट शटरचं दुखणं तिथेही तेच. वर २४-१२० सुद्धा सोडावी लागेल आणि सगळी बटणं नव्याने शिकावी लागतील.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे आभार. डी लेन्सचं प्रकरण मी हलक्यात घेतलं नव्हतं. ८५ डी हाताने फोकस करता येईल असा माझा हिशेब होता. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगीत दाखवणारी सोय) आहे, झूम करून बघायची सोय आहे. हे कितपत जमतं?

लेन्सवेडा

मैफलीत जमेल. गायक बसलेला असतो, मान हलते तेवढीच. तिथे फ्रेम मोठी करून पापणीवर फोकस लावायला भरपूर वेळ आहे, आणि ८५ डी चं चित्र आजही देखणं आहे.

नृत्यात नाही जमणार. एफ/१.८ ला ८५ मिमीवर चार मीटर अंतरावरून स्पष्ट दिसणारी खोली वीतभर असते. तुम्ही फ्रेम मोठी करणार, डोळा शोधणार, रिंग फिरवणार, तेवढ्यात ती दोन पावलं पुढे आलेली असणार. पीकिंगची रंगीत रेघही अशा वेळी फसवते, कारण ती दागिन्यांच्या आणि जरीच्या कडांवर आधी चमकते, डोळ्यावर नाही.

म्हणून पुन्हा सांगतो: झेड ५ टू आणि झेड ८५ एफ/१.८ एस. ८०-२०० च्या जागी पुढेमागे झेड ७०-१८० एफ/२.८ बघा. ७९५ ग्रॅमची आहे, तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षा निदान पाचशे ग्रॅम हलकी. लेन्समध्ये व्हीआर, म्हणजे हाताचा कंप सावरणारं स्टॅबिलायझेशन, नाही, पण बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे आणि तसंही नाचणाऱ्या माणसाला कुठलंही स्टॅबिलायझेशन गोठवत नाही.

अंधारखोली

लेन्सच्या यादीशी सहमत, बॉडीशी नाही. लेन्स एकेक करून वर्षभरात घेता येतात. सेन्सर मागाहून बदलता येत नाही.

तिसरी_घंटा

मग असं करते. पुढच्या आठवड्यात एका नृत्याच्या तालमीला जायचं आहे, दिवे कार्यक्रमाचेच असतील. झेड ५ टू एका मैत्रिणीकडे आहे, तो मागून घेते. झेड ६ थ्री एका दिवसापुरता भाड्याने मिळतो. दोन्हींवर माझी २४-१२० लावून बघते. नेमकं काय तपासू?

अंधारखोली

तीन गोष्टी. दोन्हींवर सायलेंट शटर, १/५००, आणि दिवे पूर्ण प्रखर असताना एकदा, मंद असताना एकदा. पट्टे मंद दिव्यांत जास्त येतात. फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तपासू नका, तिथे बारीक पट्टे दिसत नाहीत, घरी मोठे करून बघा. मग तेच सगळं मेकॅनिकल शटरवर.

लेन्सवेडा

आणि मेकॅनिकलवर असताना कुणाला तरी तिसऱ्या रांगेत बसवा, संगीत थांबवायला सांगा आणि विचारा ऐकू येतं का. 'नाही' असं उत्तर आलं तर झेड ६ थ्री दुसऱ्याच दिवशी परत करा.

अंधारखोली

संगीत थांबवून झालं की तेच बर्स्टमध्येही करा. एक टिचका विरून जातो, सलग दहा विरत नाहीत.