खेळातील किमया: कृतींचा तक्ता द्यावा की पदार्थांना स्वभाव द्यावा?

हरिपूरकर (सांगली)

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मित्र एक संगणकीय खेळ तयार करत आहोत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळील एका कल्पित गावात तो घडतो आणि खेळाडू तेथील वैद्याचा शिकाऊ असतो. आमच्याकडे ६० पदार्थ आहेत. कोणतेही दोन एकत्र केल्यास काय होईल याचा तक्ता करायला घेतला, तर १,७७० जोड्या निघाल्या. त्यांतील जेमतेम ३०० भरून झाल्यावर काही मुलांना खेळून पाहायला बसवले, तेव्हा त्यांनी एकमेकांच्या वहीतून कृती उतरवून घेतल्या आणि दोन दिवसांत सगळे संपवले. हातात कोणता पदार्थ आहे, याकडे एकानेही लक्ष दिले नाही, याचे मला फार वाईट वाटले. खेळाडूने पाठांतर न करता विचार करावा, यासाठी रचना कशी असावी आणि त्यात खरे रसायनशास्त्र किती आणावे?

काहीलकाठ (कराड)

माझ्या मते अडचण तक्त्याच्या आकारात नसून तक्ता करण्यातच आहे. प्रत्येक पदार्थाला आंबटपणा, खारेपणा, विद्राव्यता, उष्णता सोसण्याची मर्यादा, ताजेपणा असे सात-आठ गुण द्या आणि सगळे नियम त्या गुणांवर बेता. मग एकसष्टावा पदार्थ आणताना साठ नव्या जोड्या लिहाव्या लागणार नाहीत. आठ आकडे पुरतील.

दुसरे म्हणजे, घटकांइतकेच महत्त्व क्रियेला द्या. आमचे गुऱ्हाळ होते, म्हणून तेच उदाहरण देतो. काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, रस एकच असतो. भेंडीच्या चिकाने मळी वर येते, ती काढत राहायची. पुढे पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसला उतरवला तर काकवी मिळते, ११८ अंशांच्या आसपास उतरवला तर गूळ, आणि त्यापुढे गेला तर करपतो. आमच्या गुळव्याजवळ तापमापक नसे. तो पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी त्याची गोळी वळे, ती काहिलीच्या काठावर आपटून आवाज ऐके आणि मगच चुलवाणातला जाळ ओढायला सांगे. शिवाय तोडलेला ऊस काही दिवस पडून राहिला, तर त्यातल्या साखरेचे विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात, आणि मग कितीही आटवले तरी ढेप घट्ट धरत नाही. कृती तीच, हात तोच, तरी गूळ बिघडला. तुमच्या शिकाऊला ऊस कधी तोडला होता हे विचारायला सुचले पाहिजे, अशी रचना करा.

खलबत्ता (सातारा)

थेंबाच्या त्या खुणेसारख्याच खुणांना रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातील धातू-खनिजांच्या औषधांच्या शास्त्रात, परीक्षा म्हणतात आणि वैद्याच्या शिकाऊला त्या शोभूनही दिसतील. भस्म बोटांच्या रेघांत शिरले तर ते रेखापूर्ण, स्थिर पाण्यावर तरंगले तर वारितर, चकाकी पूर्ण गेली तर निश्चंद्र. पारा आणि गंधक घोटून कज्जली करताना, पाऱ्याचा एकही चमकता कण दिसेनासा होईपर्यंत खल थांबवायचा नसतो. म्हणून पडद्यावर ‘७० टक्के पूर्ण’ अशी पट्टी कृपया दाखवू नका. खलातला रंग आणि चमक दाखवा. पाऱ्याची वाफ विषारी असते, त्यामुळे शिकाऊने पारा उघड्यावर तापवल्यास त्याची प्रकृती ढासळलीही पाहिजे.

खरे शास्त्र किती आणावे, याचे उत्तर सांगलीच्या हळदपेठेतच आहे. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. परंतु हळद, टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाचा रस यांपासून पारंपरिक कुंकू करतात, तेव्हा येणारा लाल रंग लिंबाने जात नाही, कारण तो लिंबाच्या आम्लातच तयार झालेला असतो. दोन लाल पुड्या दिसायला सारख्या आणि स्वभावाने वेगळ्या आहेत. असे एक कोडे शंभर काल्पनिक वनस्पतींच्या तोडीचे आहे.

निवळसंख (सांगली)

थोडी भर घालतो. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या २०१७ च्या खेळाच्या निर्मात्यांनी आपल्या रसायन-इंजिनाचे, म्हणजे कशाचा कशावर काय परिणाम होतो हे ठरवणाऱ्या यंत्रणेचे, तीनच नियम सांगितले होते: आग, पाणी, वीज यांसारखी तत्त्वे पदार्थांची अवस्था बदलतात, तत्त्वे एकमेकांची अवस्था बदलतात, आणि पदार्थ मात्र पदार्थाची अवस्था बदलत नाही. तिसरा नियम तुम्हाला मोडावा लागेल, कारण हळद आणि चुना हे दोन्ही पदार्थच आहेत. पण नियमांची संख्या मात्र इतकीच कमी ठेवा.

वहीतून उतरवण्यावरही उपाय आहे. ‘नोइटा’ या खेळात दोन मौल्यवान द्रवांच्या कृती प्रत्येक नव्या जगात बदलतात. तुमच्या काल्पनिक वनस्पतींपुरते हे करा. हळदीचा आणि पाऱ्याचा स्वभाव बदलू नका, नाहीतर खेळाडूचा निरीक्षणावरचा विश्वासच उडेल. आणि बुद्धी वाढवणारा काढा असेल, तर त्या बुद्धीने पुढचा काढा अधिक प्रभावी होणार नाही, याची काळजी घ्या. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये नेमके असे चक्र तयार होऊन खेळाडू हवे तितके बलवान होत असत.

हरिपूरकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोन बशांत दोन्ही प्रकार करून सावलीत वाळवले. सकाळी लिंबाचे थेंब टाकल्यावर चुन्याच्या बशीत थेंबाएवढी पिवळी वर्तुळे उमटली. टाकणखाराची बशी तशीच लाल राहिली. आता तक्ता काढून टाकला आहे, गुणांची यादी आठवर थांबवली आहे, आणि खेळात दोन्ही लाल पुड्यांसाठी मुद्दाम एकच चित्र वापरणार आहोत.