मदत हवी आहे : बाळाचं इन्सुलिन बंद करून गोळी सुरू केलेली कुणी आहे का?

नमस्कार मंडळी. माझ्या बहिणीच्या बाळाला दुसऱ्याच महिन्यात डायबिटीस निघाला. आम्ही लालबागला राहतो. सध्या दिवसातून अनेकदा इन्सुलिन चालू आहे. डोस इतका बारीक, की सिरिंजमधला हवेचा बुडबुडासुद्धा फरक पाडतो. ताई प्रत्येक वेळी ती उजेडात धरून तपासते.

सहा महिन्यांच्या आत झालेला डायबिटीस बहुतेकदा जनुकीय असतो, म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला सांगितली. रिपोर्टमध्ये केसीएनजे११ जनुकातला बदल आलाय. मला समजलं ते असं: साखर वाढली की स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीत) एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं, त्याने पोटॅशियम चॅनेल (पेशीच्या आवरणातलं पोटॅशियमचं दार) बंद होतो, मग कॅल्शियम चॅनेल उघडतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्सुलिन बाहेर पडतं. बाळाचा पोटॅशियम चॅनेल उघडाच राहतो. म्हणजे इन्सुलिन तयार होतं, पण पेशीतच अडकतं! ग्लायबेनक्लामाइड ही डायबिटीसची गोळी एटीपीशिवायही हा चॅनेल बंद करते, त्यामुळे अशी बरीच मुलं गोळीवर येतात. या जनुकाचा संबंध 2004 मध्येच कळला, तरी आमच्या ओळखीत कुणालाच हे माहीत नाही.

डॉक्टर लवकरच बाळाला ॲडमिट करून बदल सुरू करणार आहेत. मुंबई-ठाण्यात कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा: किती दिवस राहावं लागलं? एवढ्या लहान बाळाला गोळी कशी देता? साखर एकदम खाली गेली का? रात्री किती वेळा तपासायचात? ताईशी फोनवर बोलायला तयार असाल तर मेसेज करा, प्लीज.