भावाला मनोरुग्णालयात शिवणयंत्रावर बसवतात, हा उपचार आहे का?

नीरेकाठ
नमस्कार, इथे नेहमी नुसतं वाचते, आज विचारायचं आहे. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे हे आम्हाला केस झाल्यावरच कळलं. त्याआधी तो रात्रभर जागायचा, शेजारचे भिंतीपलीकडून माझ्याबद्दल बोलतात म्हणायचा, आणि एक दिवस त्याने शेजारच्या काकांच्या डोक्यात पाइप घातला. काका वाचले पण एका कानाने ऐकू येत नाही, त्याचं वाईट आम्हाला आहेच. भाऊ जेलमध्ये गेला, तिथे जेवण बंद, बोलणं बंद, मग कोर्टाने प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवलं.

गोळ्यांनी आवाज बरेच कमी झालेत. रोज सकाळी त्याला व्यवसायोपचार विभागात नेतात, आधी कागदी पाकिटं करायला दिली, आता शिवणयंत्रावर बसवलंय. आई म्हणते आजारी पोराला राबवून घेतात. मामा म्हणतो ही सगळी नवीन खुळं, पिशव्या शिवून कुणाचं डोकं ताळ्यावर येतं का. मला मात्र मागच्या भेटीत तो जरा बरा वाटला, स्वतःहून विचारलं म्हैस व्याली का म्हणून. तर हा खरंच उपचार आहे की वेळ घालवणं? त्याला नाही म्हणता येतं का? आणि कोर्टात याचा काही उपयोग होतो का?

ओटी_विदर्भ
ताई, मी व्यवसायोपचाराचंच (ऑक्युपेशनल थेरपी, थोडक्यात ओटी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार) काम करतो, मनोरुग्णालयातही केलंय. तुम्ही जे शेवटी लिहिलंत ना, म्हैस व्याली का, ते आमच्यासाठी फार मोठं आहे. गोळ्यांनी आवाज कमी होतात, संशय कमी होतो. पण सकाळी उठून अंघोळ करावी, कुणाची चौकशी करावी, हातातलं काम पुरं करावं, ही इच्छाच या आजारात आटते आणि ती नुसत्या गोळीने फारशी परत येत नाही. त्यात तो जेलमधून आलेला. तिथे उठायचं, जेवायचं, झोपायचं सगळं दुसरा ठरवतो, त्यामुळे स्वतः काही ठरवायची सवयच मोडते.

पाकिटं आधी का दिली असतील सांगतो. काम छोटं, एका बैठकीत संपतं, चुकलं तर कागदच वाया जातो. आम्ही बघत असतो की पायऱ्या लक्षात राहतात का, डिंक संपला तर मागतो का की तसाच बसून राहतो, शेजारी कुणी बसलं तर उठून जातो का. मशीनवर दोन्ही हात, पाय आणि लक्ष एकदम लागतं, सुईचा धोकाही असतो, म्हणजे तो तिथवर पोचला असं त्यांना वाटलं म्हणूनच बसवलं असणार. औषधांनी हात कडक होतात, थरथरतात, ते पण शिवताना पटकन दिसतं आणि डॉक्टरांना सांगता येतं.

आणि त्याच्या बाबतीत गुन्हा कशातून घडला बघा, शेजारचा माणूस आपल्यावर टपलाय या भीतीतून. आता तोच रोज दुसऱ्या माणसाच्या शेजारी बसतो, एकच कात्री दोघांत वापरतो (कात्र्या मोजून देतात, मोजून परत घेतात), आणि काही वाईट होत नाही. ते रोज अनुभवणं हाच त्यातला मोठा उपचार आहे.

पण आईंचं म्हणणं पण उडवून लावू नका. काही ठिकाणी एकच शिकवणारा आणि खोलीभर पेशंट, मग दिवाळीच्या पणत्यांची ऑर्डर पुरी करणं एवढंच उरतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही. भेटीला गेलात की सरळ विचारा, माझ्या भावासाठी तुमचं उद्दिष्ट काय आहे? उत्तर त्याच्याबद्दल आलं तर ठीक, पिशव्यांबद्दल आलं तर मागे लागा. मामांना सांगा हे नवीन नाही, कमला निंबकरांनी मुंबईत केईएममध्ये याचं शिक्षण १९५० सालीच सुरू केलं.

वकील_ठाणे
कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २०: मानसिक आरोग्य संस्थेत कुणालाही जबरदस्तीने काम करायला लावता येत नाही आणि काम केलं तर योग्य मोबदला द्यावा लागतो. त्यामुळे नाही म्हणता येतं. कलम १०३ कैद्यांसाठी आहे, तेही वकिलांना वाचायला सांगा.

खटल्याचं म्हणाल तर आरोपीला स्वतःचा बचाव करता येत नाही असं ठरलं की खटला थांबतो, तो आता बचाव करू शकतो का हे मात्र पुन्हा बघावं लागतं. मधल्या काळात बाह्यरुग्ण म्हणून उपचार चालतील अशी स्थिती असेल आणि नातेवाईक नियमित उपचाराची आणि कुणाला इजा होणार नाही याची हमी देत असतील तर कोर्ट सोडू शकतं, गुन्ह्याचं स्वरूप बघून. मत डॉक्टरांचंच लागतं, पण रोज वेळेवर येतो, अवजार नीट हाताळतो अशी नोंद असेल तर त्या मताला वजन येतं.

फाइल झोपू देऊ नका, हे हात जोडून सांगतो. आसामचे मचांग लालुंग १९५१ ला पकडले गेले, तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले, १९६७ मध्येच बरे झाल्याचं कळवलं होतं तरी सुटले २००५ ला. चौपन्न वर्षं, खटला न चालता. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, फुकट मिळतो.

यॉर्कशायरकर
मी इंग्लंडमध्ये कडक बंदोबस्ताच्या (सिक्युअर) मनोरुग्णालयात ओटी आहे, पेशंट बहुतेक कोर्टातून किंवा जेलमधून आलेले. इथे आठवड्याला २५ तासांचे ठरलेले उपक्रम मिळावेत अशी अपेक्षा असते. मी सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघरात असते. आधी सुरी न लागणारा पदार्थ, मग सुरी मोजून, मग स्वतःचं सामान स्वतः आणणं, सोबत स्टाफ घेऊन दुकानात जाणं, आणि ज्यांच्यावर कोर्टाचे निर्बंध असतात त्यांना बाहेर पडायला न्याय मंत्रालयाची परवानगी लागते. सगळं एक एक पाऊल, कारण तो शेवटी जिथे राहणार तिथला दिवस त्याला जमला पाहिजे.

म्हणून एक सुचवते. तो गोठ्यात काय काय करायचा, धार काढायचा का, डेअरीवर दूध घालायचा का, हिशोब कोण ठेवायचं, हे सगळं लिहून त्या विभागात द्या. त्यांच्याकडे बहुतेक फक्त केसचे कागद असतील. शिवणकाम त्याच्या आयुष्यात कधी नव्हतंच तर बागकाम मागता येईल.

सुमन_बार्शी
ताई माझा नवरा असाच परत आला, केस वेगळी होती पण मनोरुग्णालय, कोर्ट सगळं झालं. घरी आल्यावर सासूबाई त्यांना पाण्याचा तांब्या पण उचलू देईनात, दिवसभर खाटेवर, परत गप्प गप्प. मी तिथल्या ओटीच्या मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या दोनच कामं द्या पण रोज त्याच वेळेला द्या. सकाळी दूध आणायचं आणि मग माझ्यासमोर गोळी घ्यायची. आता किराणा पण आणतात, पैसे बरोबर परत आणतात. रात्री फार घाबरायला झालं तर १४४१६ ला फोन करायचा, टेलीमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

नीरेकाठ
सगळ्यांचे खूप आभार, आईला वाचून दाखवलं. गोठ्याचं आज रात्रीच लिहून काढते. वकीलसाहेब एकच अजून, सुटला तर त्याच गल्लीत आणणं बरोबर नाही वाटत, काकांच्या घरच्यांनाही भीती आहे. मामाकडे ठेवला तर कोर्ट चालवून घेतं का?

वकील_ठाणे
मागता येतं. हमी मामांनी द्यायची आणि तिथून जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, महिन्याला औषध कोण आणणार, हे अर्जातच लिहायचं. मामांना आधी एकदा त्या विभागात घेऊन जा, भाच्याला काम करताना बघू दे.