बेंजो समोर उभं राहून ऐकला तेव्हा

"बेंजो पार्टी मोबाइलवर ऐकली काय नि समोर ऐकली काय, गोंगाट सारखाच," असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. बेंजो पार्टी म्हणजे हळदी-लग्नात बेंजो नि ढोल वाजवणारं पथक. माझ्या आवडत्या पार्टीची गाणी मी चार वर्षं फोनवरच ऐकत होतो. गेल्या मे महिन्यात हर्णैला मावसभावाच्या हळदीला तीच पार्टी आली. बेंजो वाजवणाऱ्या दादांच्या डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातातली नखी, म्हणजे तारा छेडायची छोटी पट्टी, तारांवर. कोळीगीतातला लांबलेला सूर म्हणजे नखीची अखंड थरथर असते, हे रेकॉर्डिंगमध्ये कधी कळलंच नव्हतं. आणि ढोल तर कानाआधी छातीत वाजतो!

वाद्य म्हणाल तर हा बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंगच, पिकअप, म्हणजे तारांचा आवाज वायरीतून स्पीकरकडे नेणारा भाग, लावलेला. मूळ जपानी ताइशोगोतो, १९१२ सालचं. रात्री दहाला नियमाप्रमाणे स्पीकर बंद झाले. मग त्या दादांनी खळ्यात बसून तसाच, वायर काढून वाजवला. आवाज इतका बारीक, की आम्ही दहा-बारा जण अगदी गुडघ्याला गुडघा लावून ऐकत होतो. फोनवरची ती गाणी मला आता अर्धीच वाटतात.